बंद शेंगा

१२ जानेवारी

तुझं पार्सल मी ओट्यावर उपडं केलं तेव्हा तुझी मुंगी दारात उभी होती. मला ती दिसली नाही. डबा घरंगळत पिंपाला आपटला आणि झाकण उडालं. हिरवी पूड. ओट्यावर, फरशीवर, माझ्या पायांवर. तिने पूड पाहिली. मग हातातल्या दुधाच्या पेल्यात पाहिलं. मग पेला ओट्याच्या कडेला ठेवला, अगदी हळू, थेंबही न सांडता, आणि आत निघून गेली.

तेव्हापासून ती दूध पीत नाही.

प्रिय वगैरे लिहीत नाही. फोनवर मी 'हॅलो'च्या पुढे गेले की तुला क्रेनवर बोलावणं येतं, म्हणून लिहितेय. कागदही मध्येच खाली ठेवता येतो म्हणा. पण निदान ते मला ऐकू येत नाही.

डब्यावर हसणाऱ्या मुलाचं चित्र आहे. सगळ्या भाज्यांचा अर्क. आत तुझी चिठ्ठी: 'ताई, रोज दुधातून एक चमचा. तिला सांगू नकोस.' आणि खाली: 'आईचं विचारलं तर दवाखान्यातच सांग. बरी होतेय म्हण.'

एकाच चिठ्ठीत, एकाच पेनने. लिहिताना तुझा हात कुठेच अडला नाही?

तुझी बायको ऑगस्टमध्ये गेली. आज जानेवारी आहे. चार वर्षांची मुलगी आणि तिची बॅग तू माझ्या दारात सोडलीस. निघताना मला बाजूला घेऊन म्हणालास, ही खात नाही. फक्त पांढरं खाते. भात, दूध, पावाच्या आतला मऊ भाग. मी विचारलं, कधीपासून? 'काय माहीत. असंच.'

असंच नाही. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, 'बाबाच्या जेवणात आत असतं.' काय असतं? 'दुसरं.'

मग हळूहळू तिने सांगितलं. बटाट्याच्या लगद्यात वाटलेला कोबी. केकमध्ये दुधी. टोमॅटोच्या सूपमध्ये गाळलेला भोपळा. आणि ती जेवून उठली की तू टाळी वाजवून सांगायचास, 'खाल्लास की भोपळा! कळलासुद्धा नाही!' तुला वाटायचं तुम्ही दोघं मिळून भोपळ्याला फसवलंत. तिला वाटायचं तू तिला फसवलंस. दोघांपैकी कोणाचं बरोबर, ते तूच ठरव.

पांढऱ्यात काही लपवता येत नाही. म्हणून ती पांढरं खाते. यात आजार कुठे आहे? त्या घरात डोकं वापरणारी तेवढी एकटीच होती.

परवा ती पाव चिमटीने उसवून बघत होती. आमच्या बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, 'ही मोठी होऊन जकात नाक्यावर बसणार, बाई. एक ट्रक सोडणार नाही.' मला हसू आलं. मग हसल्याचा राग आला.

असा डबा पुन्हा पाठवू नकोस. पूड मी पुसून टाकली. रिकामा डबा धुऊन घेतला, तो तिने मागितला. कशाला ते सांगत नाही.

तिची बॅग माळ्यावर टाकली आहे. खोलीत अडचण होते.

ताई


२० जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. फोन आला, तोही तिला. 'शहाणी ना माझी? भाजी खाल्लीस?' तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, 'बाबाला भाजीशी बोलायचंय.'

तोवर तू ठेवून दिला होतास.

मी काय काम करते ते तू कधी विचारलं नाहीस. 'ताई पोरं सांभाळते' असं लोकांना सांगतोस. आता तुझी मुलगी त्या पोरांत बसते, तर ऐकून घे.

आमच्याकडे दर आठवड्याला एक पाहुणी येते. पाहुणी म्हणजे भाजी. शाळेमागच्या वाफ्यातली, नाहीतर पलीकडच्या मळ्यातली. दुकानातली नाही, कारण ती आंघोळ करून आलेली असते. आमची मातीसकट येते, पाल्यासकट, कधी अळीसकट. मुलं गोल बसतात आणि त्यांच्यात एक जादा खुर्ची असते. पाहुणी त्या खुर्चीवर. पहिल्या दिवशी फक्त बघायचं. दुसऱ्या दिवशी तिला धुवायचं. मग कापायचं, वास घ्यायचा. शेवटी चाटायचं, चावायचं. गोलाच्या मध्ये एक वाटी असते. तोंडात घेतलं आणि नको वाटलं तर वाटीत थुंकायचं. रागवायचं नाही. शाबासकीही द्यायची नाही. शाबासकी रागापेक्षा वाईट. ती मिळाली की मूल भाजी सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

वाटीवरून मोठ्या बाईंनी मला बोलावलं होतं. त्या खुर्चीत नीट बसत नाहीत, नेहमी उठायच्या बेतात असतात.

'एक आई येऊन गेल्या. म्हणाल्या, आम्ही मुलाला थुंकायला शिकायला पाठवतो का?'

'थुंकण्याआधी तो चावतो,' मी म्हटलं. 'घरी तोंडच उघडत नाही असं त्यांनीच सांगितलं होतं.'

'ते खरं हो. पण तपासणीला कोणी आलं तर? निदान वाटीला झाकण तरी ठेवा.'

झाकण आणलं. मुलं आता झाकण वाजवतात.

मुंगी गोलात बसत नाही. खिडकीखाली बसते, गुडघे छातीशी घेऊन. शाळेत मला बाई म्हणायचं, घरी आत्या, असं मी तिला बजावलं होतं. तिने दोन्ही जोडून 'आत्याबाई' केलं. आता सगळा वर्ग मला आत्याबाई म्हणतो. मावशीसुद्धा.

या आठवड्यात मुळा होता. धुऊन झाला आणि पांढरा निघाला. मुंगी खिडकीखालून उठली. मी मान खाली घातली, बघितलंच नाही असं केलं. ती आली, खुर्चीपाशी उभी राहिली. 'आत काय आहे?' मी कापला. आतही पांढरा. तिने चकती घेतली, उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. मग चावली.

मुळा कोवळा नव्हता. तिचे डोळे भरले, नाक लाल झालं. तिने वाटीत थुंकलं, सावकाश, सगळं. मग माझ्याकडे वळली. रडत नव्हती. रागावल्यावर तिच्या नाकपुड्या तुझ्यासारख्या फुगतात.

'हा झोंबतो.'

'हो.'

'तुला माहीत होतं?'

'हो.'

'मग आधी का नाही सांगितलंस?'

आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. माझं म्हणणं असायचं की मुलांनी स्वतः शोधावं. आपण काही सांगू नये. मला ते फार मोठं तत्त्व वाटायचं. त्या दिवशी ते दोन पायांवर उभं राहीना.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आधी सांगतो. पाहुणी तोंडात गेल्यावर काय करते ते, खरं खरं. मुळा झोंबतो. कारलं कडू, आणि गिळल्यावरही कडूच. बीट जीभ लाल करतं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी काय काय लाल करतं, तेही सांगतो, नाहीतर घरचे घाबरतात. ज्यांनी आधी खाल्लं त्यांनी बाकीच्यांना सांगायचं. एक मुलगा वांग्याबद्दल म्हणाला, 'वांगं काही करत नाही. नुसतं पडून असतं.' इतका प्रामाणिक अहवाल मी वाचलेला नाही.

दूध अजून बंद आहे. हे तुला कळावं म्हणून शेवटी लिहिते.

ताई


२ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. 'तिच्यावर शाळेतले प्रयोग करू नकोस.' ठीक. 'तिला कच्चं चारतेस, पोट बिघडलं तर कोण निस्तरणार?' मीच निस्तरणार, आणखी कोण येणार आहे? आणि मग शेवटची ओळ. 'ज्याला स्वतःचं मूल नाही त्याला हे कळणार नाही.'

बारक्या, ही ओळ लिहिल्यावर तू ती एकदा तरी वाचली असशील. वाचलीस, आणि पाकीट चिकटवलंस. मी एवढंच लक्षात ठेवणार आहे.

मूल नाही, खरं आहे. पण तुझ्या चड्ड्या मी धूत होते. त्यांच्या खिशात वांग्याच्या फोडी निघायच्या, काळ्या पडलेल्या, अस्तराला चिकटलेल्या. आपले अण्णा ताटासमोर बसून राहायचे. जे टाकलं ते झाकून ठेवायचं आणि पुढच्या जेवणाला तेच ताट. तू गाल फुगवून बसायचास आणि ते हात धुवायला उठले की खिसा. मी ते ब्रशने खरवडून काढायचे आणि कधी कोणाला बोलले नाही. तेव्हा मला कळत होतं. आता कळेनासं झालं?

तू हे का केलंस तेही कळतं. अण्णांसारखं व्हायचं नव्हतं. जबरदस्ती करायची नव्हती, म्हणून फसवलंस. अण्णांच्या ताटात काय आहे ते निदान दिसत होतं.

आणि दुसरं. तिची आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मी म्हटलं, पोरीला एकदा आणते, बघू दे. तू जिन्यात माझा हात धरून म्हणालास, 'ताई, तू यात पडू नकोस.' मी पडले नाही. त्याचा राग अजून उतरलेला नाही. तुझ्यावरचा आणि माझ्यावरचा.

आता बातमी देते. रागात देतेय म्हणून खोटी समजू नकोस.

या आठवड्यात मटार होता. वेलासकट आणला. मुंगीने एक शेंग घेतली आणि खिडकीशी नेली.

'ही कोणी उघडलीय?'

'नाही.'

'मळ्यातल्या काकांनी?'

'नाही.'

'आत कोणी हात घातला नाही?'

'बंद आहे. तूच पहिली.'

तिने शिवण दाबली. शेंग फुटल्याचा आवाज झाला आणि ती दचकली. दाणे ओळीने बसलेले, एका टोकाचा अगदी बारीक. तिने तो बारीकच आधी घेतला. चावला. वाटीकडे पाहिलं. थुंकला नाही. मग दुसरा. स्वयंपाकाच्या मावशी दारात होत्या. त्यांनी टाळीला हात उचलले, मी डोळे वटारले, तेव्हा ते हात त्यांनी एप्रनला पुसले. तिने शेंग संपवली आणि दुसरी मागितली. हिरवी शेंग, हिरवे दाणे. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

तिचा नियम असा आहे: शेंग बंद हवी, आणि तिनेच उघडायची. मी सोललेले दाणे ती खात नाही. मला वाईट वाटलं, पण नियम बरोबर आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो, मध्ये टोपली. ती म्हणाली, 'दवाखान्यात मटार असतात?'

मी म्हटलं, असतील.

'आईला कोण भरवतं?'

तू दिलेलं वाक्य मी काढलं. म्हटलं, नर्स भरवते.

'ती आधी सांगते का?'

'काय?'

'आत काय आहे ते.'

'सांगते,' मी म्हटलं.

ते वाक्य तू माझ्या तोंडात घातलंस. मला ते गिळवत नाही, आणि माझ्यासमोर वाटी कोणी ठेवलेली नाही.

ताई


११ फेब्रुवारी

खोलीत वास येत होता. मला वाटलं उंदीर मेला. कपाट सरकवलं, गादी उचलली. वास तिच्या कपड्यांच्या फळीवरून येत होता. फ्रॉकच्या मागे तो डबा. तुझा. हसणाऱ्या मुलाचा.

उघडला. वरच्या शेंगा हिरव्या. त्यांच्याखाली पिवळ्या पडलेल्या. त्यांच्याखाली काळं, चिकट, पांढऱ्या बुरशीने विणलेलं. ती रोज माझ्यासमोर शेंगा खात होती आणि रोज काही बाजूला ठेवत होती. मी बघितलं नाही, कारण मी खूश होते. शाबासकी द्यायची नाही म्हणून तोंड बंद ठेवलं होतं, पण आतून टाळ्याच वाजत होत्या.

मी विचारलं. ती म्हणाली, 'आईच्या आहेत.'

मग अगदी समजावून सांगितलं, मी वर्गात सांगते तसं, बोटांवर मोजत. आई बरी होत नाही, कारण आई खात नसणार. आई खात नसणार, कारण नर्स आत औषध घालत असणार आणि सांगत नसणार. म्हणून बंद शेंगा. आई स्वतः उघडेल. मग तिला कळेल की आत फक्त मटार आहे. मग खाईल. मग येईल.

'बाबा आला की त्याच्याबरोबर दे.'

ऑगस्टपासून ही मुलगी विचार करतेय की आई का येत नाही. कोणी काही सांगत नाही, म्हणून तिने उत्तर स्वतः तयार केलंय. तिच्याजवळ जे होतं त्याचंच केलंय: तुझा भोपळा, तुझी पूड आणि माझ्या शेंगा. त्यात एकही जोड सुटलेला नाही. फक्त ज्याच्यावर सगळं उभं आहे ते खोटं आहे, आणि ते तू दिलंस, आणि ते मी पोचवलं.

मी म्हटलं, या सडल्या. तिने बोट लावून पाहिलं.

'आता खाता येणार नाहीत?'

'नाही.'

'मग नव्या घालूया.'

डबा धुतला. तिने पुन्हा भरायला घेतला. मी तिथे उभी राहू शकले नाही. मागे जाऊन वाफ्यातलं गवत उपटलं, त्यात गाजराची रोपंही गेली असतील.

आता नीट वाच. तू ये आणि तिला सांग. तिच्या शेजारी बस आणि तुझ्या तोंडाने सांग. हे माझं काम नाही. तू आला नाहीस तर मी माझं करीन, आणि मग मला विचारू नकोस. मी तुला आधी सांगतेय.

ताई


१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

हे टपालात टाकत नाही. उद्या तू येशील तेव्हा फाटकाच्या कडीला अडकवलेलं मिळेल. आत येण्याआधी वाच. उभा राहून वाच, पायरीवर बसू नकोस. तिथून तू तिला दिसशील.

काल तुझा फोन आला. या वेळी मला बोलू दिलंस, कारण तुलाच बोलायचं होतं. 'शनिवारी येतो. तिला घेऊन जातो. शेजारच्या काकू दिवसा बघतील. ती बॅग भरून ठेव. आणि ताई, तिला यातलं काही सांगू नकोस. येतोय तेही नको, उगाच रडेल. आणि ते दुसरं सांगितलंस तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही.'

बॅग माळ्यावर आहे. हवी तर स्वतः काढ.

फोन ठेवल्यावर मी हिशेब केला की मला काय परवडेल. गप्प राहिले तर तू तिला नेशील, पण मला कधीतरी भेटू देशील. बोलले तर नेशील आणि भेटूही देणार नाहीस. म्हणजे गप्प राहणंच शहाणपणाचं होतं. काल झोपेपर्यंत मी गप्पच होते. तिला पाठ थोपटून झोपवलं आणि शनिवारचं काही सांगितलं नाही. थोपटता थोपटता माझ्या लक्षात आलं की मीही बटाट्यात कोबीच वाटतेय.

आज शाळा सुटल्यावर आम्ही वाफ्याशी थांबलो. बाकीची मुलं गेली होती. मोठ्या बाई कुलपं लावत होत्या. मी म्हटलं, 'मुंगे, मला तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक साधी आहे. दुसरी झोंबणारी आहे. मुळ्यापेक्षा खूप.'

ती उभी राहिली. हातात काडी होती, ती टाकली.

'थुंकली तर चालेल?'

'चालेल.'

साधी सांगितली: बाबा उद्या येतोय, तुला घरी न्यायला. तिने मान हलवली. मग दुसरी. मी गोल गोल बोलले नाही. तारा, देव, लांबचा प्रवास, काही नाही. म्हटलं, आई दवाखान्यात नाही. आई वारली. उन्हाळा संपल्यावर, पाऊस होता तेव्हा. वारली म्हणजे शरीर थांबलं, ती आता कुठेच नाही, आणि येणार नाही. खात नव्हती म्हणून नाही. कोणी आत काही घातलं म्हणूनही नाही. आजार मोठा होता. आणि तुझ्या शेंगा पोचल्या असत्या तरी ती बरी झाली नसती.

हे शेवटचं मला सांगायचं नव्हतं. पण ते न सांगता बाकीचं सांगून उपयोग नव्हता.

ती मातीकडे बघत होती. मोठ्या बाई कुलूप हातात धरून लांबच थांबल्या, आल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मुंगी काय म्हणाली ते तुला सांगते. याच्यासाठी हे पत्र आहे. ती म्हणाली:

'बाबाला माहितीये?'

मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

'बाबा म्हणतो आई बरी होतेय,' ती म्हणाली. 'त्याला कोणी सांगितलंच नाही. तो क्रेनवर असतो ना.'

मग तिला रडू आलं. आईसाठी आलं असेल. पण जे बोलत होती ते तुझ्याबद्दल होतं. बाबाला झोंबेल. बाबा एकटा आहे. बाबाला कोण सांगणार? मी तिला उचलून घरी आणलं. ती आता उचलण्याइतकी लहान नाही, माझी कंबर गेली. वाटेत खांद्यावरून म्हणाली, 'मीच सांगते. आधी सांगून सांगते.'

तर उद्या ती तुला सांगेल. तिने आत्तापासून तयारी केली आहे. वाटेतून मला परत फिरवून, मोठ्या बाईंना कुलूप उघडायला लावून, थुंकायची वाटी मागून आणली आहे, झाकणासकट. ती तुझ्यासमोर ठेवणार आहे.

बारक्या, तुझा मला इतका राग आला आहे की हे अक्षर मलाच ओळखू येत नाही. पण माझ्या रागाचं तू नंतर बघ. उद्या तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. तिने सांगितल्यावर तू 'अरे, हो का' म्हणून डोळे पुसू शकतोस. सोपं आहे. ती तुला समजावेल, तुझ्या पाठीवरून हात फिरवेल, तुला सगळं माफ होईल. मी तोंड उघडणार नाही, शब्द देते. मग तू तिला घरी ने, आणि जन्मभर तिला वाटू दे की तुला माहीत नव्हतं.

नाहीतर सांग की तुला माहीत होतं.

फाटकाची कडी घट्ट आहे. वर उचलून ओढ.

ताई


१८ फेब्रुवारी, सकाळ

पत्र तू ओट्यावर विसरलास, की मुद्दाम ठेवलंस. त्याच्याच मागच्या बाजूला लिहून पाठवतेय, म्हणजे सगळं एकत्र राहील.

काल तू म्हणालास, 'मला माहीत होतं, मुंगे.' ती वाटीकडे बघत राहिली. मग वाटी उचलून आत ठेवली आणि जेवली नाही. तुझ्याशी बोललीही नाही. तू माळ्यावरून बॅग काढलीस, भरलीस, आणि संध्याकाळी परत उपसलीस. कपडे फळीवर ठेवलेस. घड्या चुकीच्या घातल्यास, मी पुन्हा घालणार नाही. तुला आणि मला काय बोलायचं होतं ते आपण बोललो नाही. माझा राग गेलेला नाही. तुझाही गेला नसेल.

आज उजाडताना तू बूट हातात घेऊन दाराशी गेलास. मी ओट्याशी होते. ती झोपली होती. तू कडी काढलीस. मी हाक मारली नाही. त्यासाठी मला काय लागलं ते तुला कळणार नाही. तू तिथे थोडा वेळ उभा राहिलास. मग बूट खाली ठेवलेस, आत गेलास आणि तिला हलवून उठवलंस.

'मी जातोय. आधी सांगतोय.'

'परत कधी येणार?'

'पुढच्या शनिवारी. जमलं नाही तर आदल्या दिवशी सांगेन.'

ती रडली. तू थांबवलं नाहीस. मग तू गेलास.

तुझी बस गेल्यावर ती ओट्याशी आली आणि दूध मागितलं. मी तिच्यासमोर पिशवी कापली, तिच्यासमोर ओतलं. तिने चमचा मागून घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. अर्धा पेला प्यायली. मग डबा आणला, शेंगा टोपलीत ओतल्या आणि उघडायला बसली.